सभोवती बर्फ, घशाला कोरड

बर्फाळ डोंगरात अडकलेल्यांना अन्नाची चणचण भासेल, पाण्याची कशाला? मूठभर बर्फ तोंडात टाकला की झालं, असा सर्रास समज आहे. तो घातक आहे.

13 ऑक्टोबर 1972 रोजी उरुग्वेच्या हवाई दलाचं फेअरचाइल्ड विमान अँडीज पर्वतात कोसळलं. विमानात 45 जण होते. 72 दिवसांनंतर 16 जण वाचले. त्यांनी मृत सोबत्यांचं मांस खाऊन तग धरला, याचीच चर्चा आजवर होत आली. पण सुमारे 3,570 मीटर उंचीवरच्या विरळ, कोरड्या हवेत धापा टाकताना प्रत्येक उच्छ्वासाबरोबर अंगातलं पाणी जातं.

बर्फ खाल्ला तर? दहावीतला अप्रकट उष्मा आठवा. उणे 10 अंशांचा 1 किलो बर्फ शून्यावर आणायला 21 किलोज्यूल, वितळवायला 334, ते पाणी 37 अंशांपर्यंत तापवायला 155, एकूण 510. स्वस्थ बसलेलं शरीर सेकंदाला साधारण 80 ज्यूल उष्णता तयार करतं. म्हणजे एका लिटरपायी पावणेदोन तासांची सगळी ऊब गेली. कुडकुडणाऱ्या माणसाला हे परवडत नाही.

मग ऊब उन्हाकडून घ्यायची. वाचलेल्यांपैकी एक, फितो स्त्राउच, यांनी विमानातल्या आसनांच्या पाठीतले ॲल्युमिनियमचे पत्रे काढून खोलगट वाकवले. वर बर्फाचा पातळ थर, खालच्या टोकाशी बाटली. थेंब थेंब पाणी जमू लागलं.

पण चकाकता पत्रा ऊन परतवतो, मग तापतो कसा? ताजा बर्फही 80 ते 90 टक्के ऊन परतवतोच. फरक आहे उष्णता सोडण्यात. बर्फ अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या, किरणांतून ती जवळपास काळ्या वस्तूइतकी भराभर सोडतो. उघडं ॲल्युमिनियम फारच कमी सोडतं. त्यामुळे शोषलेलं थोडंसं ऊनही पत्र्यात टिकतं आणि धातू सुवाहक असल्याने थेट बर्फाच्या तळाला पोचतं. थर जाड झाला की ऊन पत्र्यापर्यंत जातच नाही. वारा लागला तर मिळालेली ऊब तोच पळवतो, म्हणून आडोसा हवा.

या सुटकेला ‘अँडीजचा चमत्कार’ म्हणतात, ते मला खटकतं. त्या शब्दामागे पत्रा वाकवणारे हात दिसेनासे होतात.

ढगाळ दिवशी मात्र पत्रा कोरडाच. तेव्हा बाटलीत थोडं पाणी शिल्लक ठेवून त्यात बर्फ भरावा. पाणी प्रत्येक कणाला भिडतं आणि बर्फ लवकर विरघळतो. बाटली कपड्यांच्या दोन थरांमध्ये ठेवावी, अंगाला चिकटवून नव्हे, आणि तीही चालताना, कारण तेव्हाच शरीराकडे जास्तीची ऊब असते. ताजा भुसभुशीत बर्फ दहा बाटल्या भरला, तर पाणी जेमतेम एक बाटली मिळतं.