पदवी तीच, दार वेगळं

माझी भाची दादरहून अंधेरीला नोकरीच्या वॉक-इन मुलाखतीला गेली. फोल्डरमध्ये बी.कॉम.च्या सहाही सेमिस्टरच्या मार्कशीट, वर प्रत्येकीच्या दोन-दोन झेरॉक्स. समोरच्या बाईंनी फोल्डर उघडलासुद्धा नाही. ‘‘टॅली येतं? अनुभव किती?’’ पाच मिनिटांत कार्यक्रम आटोपला.

हुशारी कपाळावर लिहिलेली नसते, म्हणून मालक खुणा वाचतात. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलं की पदवी ही अशीच एक खूण आहे. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. पण ती खूण किती विश्वासाने वाचली जाते, हे त्या-त्या देशातल्या व्यवस्थेवर ठरतं.

जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात १९७४ पासून एक पद्धत चालत आली आहे. विद्यार्थी आधी कंपनीशी करार करतो, मगच त्याला प्रवेश मिळतो. साधारण तीन महिने वर्गात, तीन महिने कंपनीत, आणि पगार सुरूच. पदवी हातात पडेपर्यंत ‘अनुभव किती?’ हा प्रश्नच उरत नाही. अर्थात कंपनीने घेतलंच नाही तर प्रवेशही नाही, हे त्यातलं कडू औषध.

जपानची तऱ्हा निराळी. तिथे मोठ्या कंपन्या शिकत असलेल्यांनाच निवडतात आणि १ एप्रिलला सगळ्यांना एकदम रुजू करून घेतात. काम कंपनीच शिकवते. विषय कोणता होता, याचं फारसं काही नसतं. मात्र ही गाडी चुकली की चुकली. नव्वदच्या दशकात मंदीने भरती आटली, तेव्हा पदवी घेतलेल्या पिढीला कित्येक वर्षं हंगामी कामांवर भागवावं लागलं. त्या मुलांचा दोष एवढाच, की ती चुकीच्या वर्षी पास झाली!

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. कंपनीत विद्यावेतनावर काम शिकायची सोय करणारा शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) कायदा १९६१ चा. १९७३ मध्ये इंजिनिअरिंगचे पदवीधर त्यात आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने बी.ए., बी.कॉम.वाल्यांनाही दार उघडलं. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, विद्यावेतनाचा काही भार केंद्र सरकार उचलतं. पश्चिम विभागाचं हे काम पाहणारं कार्यालय तर आपल्या सायनलाच आहे.

भाचीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘मामा, ते आयटीआयच्या मुलांसाठी असतं ना?’’ तीन वर्षांत तिच्या कॉलेजात कुणी याचा उच्चारही केला नव्हता.