मूठभर वाळू आणि वेव्ह हिलची मालकी

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या वेव्ह हिल या गुरांच्या अवाढव्य स्टेशनाचा, म्हणजे गुरं पाळण्याच्या विस्तीर्ण जागेचा, एक फोटो प्रसिद्ध आहे. 16 ऑगस्ट 1975 रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम गुरिंजी आदिवासींचे नेते व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या हातात वाळू ओततात. ‘त्या दिवशी अख्खं स्टेशन गुरिंजींच्या मालकीचं झालं’, ही समजूत तेव्हापासून चालत आली आहे. ती चुकीची आहे.

त्या दिवशी मिळाला तो भाडेपट्टा, तोही सुमारे 3,236 चौरस किलोमीटरचा, डागुरागू परिसरापुरता. उरलेल्या जमिनीवर गुरं चारण्याचे पट्टे तसेच राहिले. या पट्ट्यांत एक मेख आहे: जमीन सरकारची असते, स्टेशनवाल्याला फक्त चराईचा हक्क असतो. 1914 पासून स्टेशन चालवणाऱ्या ब्रिटिश वेस्टी कंपनीचाही तेवढाच. गुरिंजी मात्र तिथे शेकडो पिढ्या राहत होते, आणि त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

दुसरा गैरसमज मला जास्त बोचतो: 23 ऑगस्ट 1966 रोजी स्टेशनावरच्या गुरिंजी मजुरांनी सुरू केलेला संप केवळ पगारासाठी होता, हा. पगाराचा अन्याय खराच होता. पण 1967 मध्येच त्यांनी गव्हर्नर जनरलकडे अर्ज करून जमीन परत मागितली, आणि तो फेटाळला गेला.

डागुरागूची कायमची मालकी 1986 मध्ये मिळाली. वेव्ह हिलच्या सुमारे 5,000 चौरस किलोमीटरवर गुरिंजींचा पारंपरिक हक्क न्यायालयाने मान्य केला तो थेट 2020 मध्ये. चराई तिथे आजही चालू आहे.