कुहूकुहू करते ती कोकिळा नव्हे

आंब्याला मोहोर आला की भल्या पहाटे कुहूकुहू सुरू होतं आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, 'कोकिळा आली बघा!' वाक्य छोटं, पण चुका दोन.

एक तर ती आलेली नसते. हा पक्षी बाराही महिने आपल्याकडेच असतो. थंडीत उंबरावर फळं खात गुपचूप बसतो, म्हणून लक्षात येत नाही.

दुसरं, गातो तो नर, कोकीळ. काळाभोर, उन्हात निळसर चकाकणारा, डोळे गुंजेसारखे लाल. मादीला बोलावायला आणि आपली हद्द सांगायला तो सूर चढवत नेतो. कोकिळा दिसायलाही वेगळी: तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, शेपटीवर पट्टे. अनेकजण तिला भलताच पक्षी समजतात. तिचा आवाज म्हणजे घाईघाईचं, कर्कश 'किक्-किक्-किक्'. (गानकोकिळा हा किताब आता बदलायला नको, गोड आहे.)

तिला पाहायचं असेल तर कावळ्याच्या घरट्यावर नजर ठेवा. ती अंडी तिथेच घालते, आणि कावळे चिडून एखाद्या ठिपकेवाल्या पक्ष्यामागे लागले, तर बहुधा तीच.