स्पार्क प्लग : काढणे व बसवणे

पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या मोटारीच्या सिलिंडरमधील हवा-इंधन मिश्रण विद्युत ठिणगीने पेटवणारा भाग. परिभाषेत याला ‘ठिणगी गुडदी’ म्हणतात. मात्र गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणत्याही गॅरेजात हा शब्द उच्चारला, तर मेकॅनिक तोंडाकडे बघत राहतो. तेथे नुसता ‘प्लग’ चालतो. डिझेल एंजिनात दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते, म्हणून त्यात हा भाग नसतो. त्यातील ‘ग्लो प्लग’ हे थंड एंजिन चालू करण्यासाठीचे तापक होय.

संज्ञा : फ्रेंच ‘बूजी’, जर्मन ‘त्स्युंडकेर्त्स’ व पोर्तुगीज ‘व्हेला’ या तिन्ही नावांत मेणबत्ती आहे. इंग्रजीने मात्र बूच पाहिले, आणि ‘गुडदी’ हे त्या बुचाचेच मराठी रूप. गोव्यात डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट असल्याने ‘व्हेला’ हा शब्दही मोटारींबरोबर येथे आला असावा. आजच्या बोलण्यात मेणबत्ती विझली असून बूच तेवढे शिल्लक आहे.

उगम : प्लगचा जनक कोण, याविषयी एकमत नाही. एडमंड बर्जर याने १८३९ मध्ये प्लग बनवल्याचे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. पण त्याला पेटंटचा आधार नाही, आणि ज्यात तो बसवावा असे व्यवहारात चालणारे एंजिनही त्या काळी नव्हते. हा दावा बाजूला ठेवणेच बरे. ठिणगीने वायू पेटवण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. आलेस्सांद्रो व्होल्टा याने १७७० च्या दशकात दलदलीतील वायू हवेत मिसळून बंद भांड्यात ठिणगीने पेटवून दाखवला. ‘व्होल्टाचे पिस्तूल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या उपकरणात भांड्याच्या भिंतीतून रोधक वेष्टणातली तार आत गेलेली असे. आजच्या प्लगची सारी कल्पना एवढ्यात येते. ईझाक द रिव्हाझ याने १८०७ च्या सुमारास हीच युक्ती हायड्रोजनच्या एंजिनात वापरली.

प्लगसारखा प्लग मिळतो तो एत्येन लन्वार याच्या १८६० च्या वायू-एंजिनात. तेथे प्रेरण वेटोळ्यातून (विजेचा दाब वाढवणाऱ्या तारेच्या गुंडाळीतून) येणारा उच्च दाबाचा प्रवाह चिनी मातीच्या रोधकातून आत नेला होता. यानंतर गाडे अडले. डाइमलरच्या सुरुवातीच्या एंजिनांत तप्त नळीने प्रज्वलन होई, तर बेंझने १८८६ च्या मोटारीत विजेची ठिणगीच ठेवली. १८९८ मध्ये निकोला टेस्ला (अमेरिकी पेटंट क्र. ६०९२५०), फ्रेडरिक सिम्स व रोबर्ट बॉश या तिघांची संबंधित पेटंटे दिसतात, आणि तिघांचेही समर्थक आहेत. टेस्लाचे पेटंट मुख्यतः प्रज्वलनाच्या मंडलाविषयी आहे, हे त्याच्या चाहत्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. बॉशच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड याने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो (चुंबकाच्या साहाय्याने ठिणगीची वीज तयार करणारे यंत्र) आणि त्याला साजेसा प्लग अशी जोडी सिद्ध केली, तेव्हाच प्लग मोटारीत कायमचा बसला. कल्पनेचे श्रेय लन्वारला व चालत्या प्लगचे होनोल्डला, अशी विभागणी अधिक पटते.

मापे : सर्वसाधारण मोटारींत प्लगचे आटे १४ मिमी. व्यासाचे व १.२५ मिमी. अंतराचे असतात, नव्या, दाटीवाटीच्या एंजिनांत १२ व १० मिमी.चेही आढळतात. जुन्या प्लगला २१ मिमी.चा पाना लागतो, पुष्कळ नव्यांना १६ किंवा १४. आट्यांची लांबी बहुधा १९ किंवा २६.५ मिमी. लांबी चुकली आणि प्लग जास्त आत गेला, तर पिस्टन त्यावर आपटू शकतो. उष्णतेच्या श्रेणीचे (टोकाची उष्णता लवकर सोडणारा तो थंड प्लग, धरून ठेवणारा तो गरम) आकडे कंपनीगणिक उलटसुलट आहेत : एनजीके व डेन्सो यांच्याकडे मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, तर बॉशकडे मोठा आकडा म्हणजे गरम. दुकानदाराने ‘तोच नंबर’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा प्लग पुढे केला, तर आधी तक्ता पाहावा.

काढणी : प्रथम बॅटरीची ऋण तार सोडतात. जुन्या गाड्यांत वितरकाकडून (ठिणगीची वीज प्रत्येक सिलिंडरला वाटून देणाऱ्या भागाकडून) येणाऱ्या तारा टोपी धरून ओढतात, तार धरून नव्हे. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (प्रेरण वेटोळे) असते. तिचा कनेक्टर काढून, बहुधा १० मिमी.चा बोल्ट सोडून ती किंचित फिरवत वर घेतात. मग प्लगच्या खळग्यात कंप्रेसरची हवा मारावी. ही पायरी गाळली, तर तिथली माती प्लग सुटताच सिलिंडरमध्ये उतरते. त्यानंतर आत रबर किंवा चुंबक असलेली प्लगची गोटी (सॉकेट), एक्स्टेन्शन आणि रॅचेट. पाना तिरका झाला की चिनी माती तडकते.

एंजिन थंड असावे की कोमट, हा जुना वाद आहे. प्लग ज्यात बसतो ते हेड (सिलिंडरवरचे झाकण) बहुधा ॲल्युमिनियमचे व प्लगचे आटे पोलादाचे, आणि ॲल्युमिनियम तापून पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणजे गरम हेडमध्ये भोक सैलावते आणि प्लग सहज निघायला हवा. हिशोब बरोबर आहे. पण गरम ॲल्युमिनियम मऊही असते, आणि आट्यांवर बसलेला कार्बन त्याला खरवडत बाहेर येतो. उत्पादकांचा कल थंड एंजिनाकडे आहे व तोच ग्राह्य धरावा. अडून बसलेल्या प्लगसाठी मात्र भेदक तेल सोडून, थोडा वेळ थांबून, एंजिन हाताला सोसेल इतके कोमट करून पाहतात. अशा वेळी अर्धा फेर सोडायचा, पाव फेर परत आवळायचा, असे पुढेमागे करत नेतात. करकर ऐकू आली की थांबावे.

निघालेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने एका पुठ्ठ्यावर मांडावेत. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त, ओलसर काळे म्हणजे तेल वर येत आहे. पांढरेफटक व फोड आलेले टोक अतितापाची खूण होय. ‘प्लगला कचरा आला’ म्हणून पॉलिश पेपरने घासण्याची जुनी सवय निकेलच्या प्लगला एक वेळ चालून जाई. इरिडियमचे मधले टोक ०.४ ते ०.६ मिमी. जाडीचे असते, त्याला पॉलिश पेपर लावणे म्हणजे प्लग फेकण्याची तयारी.

बसवणी : नवा प्लग खोक्यातून काढून दोन टोकांमधील फटीचे अंतर फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) तपासतात, ते बहुधा ०.७ ते १.१ मिमी. असते. खाली पडलेला प्लग वरून धड दिसला तरी वापरू नये. आटे नेहमी हाताने धरावेत. प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा खोचून आधी उलट फिरवावे. आट्याचे तोंड जुळले की बारीक ‘टक्’ जाणवते, मग सुलट. आटे तिरके लागले तर नळी हातात घसरते आणि चूक वेळीच कळते. रॅचेट मात्र चूक आणखी आवळते.

आवळणीसाठी वॉशरच्या १४ मिमी. प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमी.ला १५ ते २०, तर १० मिमी.ला अवघे १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. पाव मीटरच्या दांड्यावर २५ न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे १० किलोचा जोर. टॉर्क पाना (आवळणीचा जोर दाखवणारा पाना) नसेल तर नवा प्लग बोटांनी टेकेपर्यंत फिरवून पुढे सुमारे अर्धा फेर देतात. वापरलेला प्लग असेल तर वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला एक बारांश फेर पुरतो. निमुळत्या बैठकीच्या, बिनवॉशरच्या प्लगला एक सोळांश.

आट्यांना तांब्याचे किंवा ग्रॅफाइटचे वंगण लावावे का, यावर मेकॅनिकांत दोन तट आहेत. वंगणाने घर्षण घटते, त्यामुळे पान्यावर तोच आकडा दिसत असता प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो आणि आटे ताणले जातात. आजच्या प्लगच्या पोलादी आट्यांवर याचसाठी मुलामा दिलेला असतो. मुलाम्याचा प्लग कोरडाच बसवावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

गोव्यातील परिस्थिती : हा वाद येथे अधिक रंगतो, कारण समुद्राची खारी हवा आणि सुमारे ३,००० मिमी. पाऊस. पोलाद व ॲल्युमिनियम यांच्यात खारट ओल शिरली की लहानशी विद्युत-घटमाला तयार होते आणि झिजते ते ॲल्युमिनियम. कोलव्याच्या किनाऱ्यालगत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा प्लग काढला, तर षटकोनावर गंजाचे कडे आणि खळग्याच्या भिंतीवर पांढरी भुकटी दिसते. डिचोली-सांगे भागात याच खळग्यात तांबडी माती साचते. मारुती ओम्नीत एंजिन पुढच्या आसनांखाली असल्याने आसन उचलूनच प्लगपर्यंत पोहोचावे लागते; पायांबरोबर आत आलेली वाळू तिथेच पडत असते, म्हणून हवा मारण्याआधी कपडा फिरवतात. दसऱ्याला झेंडूची माळ घालण्यापूर्वी एंजिनावर पाण्याचा फवारा मारण्याची हौस तर दुसऱ्या दिवशीच कळते : कॉइलखाली पाणी साचून गाडी मिसिंग मारते (ठिणगी चुकून धक्के खाते). प्लग तेव्हा निर्दोष असतो. खळगा व कॉइल वाळवणे पुरते.

आटे गेल्यास : हेडमधील भोक मोठ्या टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने) पुन्हा कापून त्यात स्टेनलेस पोलादाच्या तारेचे वेटोळे बसवतात. टॅपच्या खाचांत ग्रीस भरतात, म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येतो. तरी थोडा आत पडतोच. म्हणून हेड उतरवून हे काम करणे चांगले. हेड न उतरवता करायचे झाल्यास पिस्टन खाली नेऊन, शेवटी बारीक नळीने हवा मारून कीस त्याच भोकातून उडवतात.