झाकलेले ड्रम आणि निसटलेला गंधार

वॉशिंग्टन, रविवार, २४ नोव्हेंबर १९६३. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची शवपेटी घोड्यांच्या तोफगाड्यावरून व्हाइट हाऊसकडून संसदेच्या इमारतीकडे निघाली होती. पेन्सिल्वेनिया ॲव्हेन्यूच्या दोन्ही कडांना अफाट गर्दी. अमेरिकी सैन्यदलांकडे एकाहून एक सरस बँड असताना त्या वाटेवर एकही धून वाजली नाही. ऐकू येत होते फक्त ड्रम, तेही गळा दाबल्यासारखे, आणि घोड्यांच्या टापा.

ही रीत केनेडींसाठी नव्याने काढलेली नव्हती. जॅकलिन केनेडी यांनी लिंकन यांच्या १८६५ मधल्या अंत्ययात्रेचा नमुना समोर ठेवायला सांगितला होता, आणि ड्रम झाकून वाजवण्याची सैन्यातली चाल तर लिंकनपेक्षाही जुनी आहे. राष्ट्रप्रमुखाची अंत्ययात्रा म्हटलं की तोफा, गणवेश, घोडे, सगळंच वाढवत नेलेलं असतं. संगीताच्या बाबतीत मात्र उलटा कारभार दिसतो. ड्रममधला कडकपणा काढून घेतात, चालीतला वेग काढून घेतात, आणि शेवटचा निरोप द्यायला निवडतात ते वाद्य तर मुळातच चार-पाच सुरांचं धनी. इतकं काढून घेतल्यावर जे उरतं ते ऐकून गळा का दाटतो, याचं उत्तर पदार्थविज्ञान आणि मानसशास्त्र मिळून बऱ्यापैकी देतात.

आधी ड्रम. शाळेच्या संचलनात गळ्यात पट्टा अडकवून, किंचित तिरका धरून वाजवतात तो साइड ड्रम सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याला दोन पडदे असतात. काडी पडते वरच्या पडद्यावर, पण तो 'तडतड' आवाज येतो खालच्या पडद्याला टेकून ताणलेल्या तारांमुळे. वरचा पडदा हलला की आतली हवा खालच्या पडद्याला ढकलते, तो तारांवर आपटतो, आणि तारा कितीतरी उंच कंप्रतांचा (कंप्रता म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या) एक फवारा उडवतात. शोकयात्रेत या तारा ढिल्या करतात आणि वर काळं कापड टाकतात. तारा गेल्या की तडतड गेली. कापडामुळे पडद्याची बारीक-बारीक, जलद कंपनं लगेच विरतात. उरतो एक खोल, बोथट ठोका, जो उमटल्याबरोबर संपतो.

ताणलेल्या साध्या गोल पडद्याचा आवाज तसाही बेसूरच असतो. त्याच्या मूळ कंप्रतेला १ म्हटलं, तर पुढच्या कंप्रता १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या पटींत येतात. तारेत किंवा बासरीत त्या २, ३, ४ अशा सरळ पटींत येतात, म्हणून आपल्याला तिथे स्पष्ट सूर ऐकू येतो. आपल्या तबला-मृदंगाच्या कारागिरांनी पुडीवर शाई चढवून पडद्यालाही जवळपास सरळ पटींत बोलायला लावलं. सी. व्ही. रामन यांनी ही करामत १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात जगापुढे मांडली. झाकलेला ड्रम म्हणजे याच्या अगदी विरुद्ध टोक. सूर नाही, मागे रेंगाळणारी आस नाही, नुसती वेळेची खूण.

त्याला आणखी एक पदर आहे. हवा सगळ्या कंप्रता सारख्याच वाहून नेत नाही. सेकंदाला २५० कंपनांचा आवाज किलोमीटरभर गेला तर हवेत जेमतेम १ डेसिबल शोषला जातो. ४,००० कंपनांचा आवाज तेवढ्याच अंतरात २० डेसिबलहून जास्त खचतो. म्हणून लांबच्या मिरवणुकीचा आधी फक्त 'धम्म धम्म' ऐकू येतो आणि ती चौकात आल्यावरच तडतड. झाकलेल्या ड्रममधूनही नेमक्या उंच कंप्रताच गायब असतात. तो दहा फुटांवरून जात असला तरी कानाला लांबचा वाटतो. ज्याने कुणी पहिल्यांदा ड्रमवर कापड टाकलं त्याला हे गणित ठाऊक असण्याचं कारण नाही, पण कान त्याचाही हाच होता.

आता चाल. लष्करी संचलनात मिनिटाला साधारण १२० पावलं पडतात. हा आकडा हवेतून आलेला नाही. माणसांच्या रोजच्या हालचालींची नोंद घेणाऱ्या २००५ च्या एका अभ्यासात, मोकळेपणी चालणारा माणूस सेकंदाला दोन पावलांच्या आसपास स्थिरावतो असं दिसलं, मग तो उंच असो वा बुटका. राणी एलिझाबेथ यांच्या १९ सप्टेंबर २०२२ च्या अंत्ययात्रेत हा वेग मिनिटाला ७५ पावलांवर आणला होता. नौदलाचे १४२ सैनिक दोरांनी तोफगाडा ओढत होते.

धीमं चालणं सोपं वाटतं, पण एनसीसीत 'धीरे चल' केलेल्या कुणालाही विचारा. पाय हा कंबरेला टांगलेला लंबक आहे. त्याच्या स्वाभाविक वेगात तो बराचसा आपोआप झुलतो. वेग निम्म्याच्या आसपास आणला की प्रत्येक पाऊल स्नायूंनी धरून, आवरून टाकावं लागतं, आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा काळ लांबतो. खांद्यावर शवपेटी असेल तर बघायलाच नको. अशा वेळी बाहेरून येणारा ठोका आधारासारखा काम करतो. मेंदू ठोका ऐकून मग पाऊल टाकत नाही. तो पुढचा ठोका कधी पडणार याचा अंदाज बांधतो आणि स्नायूंना आधीच तयारीला लावतो. नियमित ठोका ऐकताना, शरीर अगदी स्थिर असतानाही, मेंदूतले हालचालींचे भाग जागे होतात असं स्कॅनमध्ये दिसलं आहे. रस्त्याकडेला नुसत्या उभ्या असलेल्या माणसालाही आपण यात्रेसोबत चाललो आहोत असं वाटतं, त्यामागे हेही एक कारण असावं.

पण ठोक्याला पोहोचायला वेळ लागतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. तेज चालीत एका पावलाला अर्धा सेकंद मिळतो, आणि अर्ध्या सेकंदात ध्वनी १७० मीटर जातो. म्हणजे बँडपासून १७० मीटर मागे असलेला सैनिक, बँडच्या डाव्या पावलाचा ठोका ऐकून आपला डावा पाय टाकेल, तेव्हा बँडचा उजवा पाय जमिनीवर असेल. वरून पाहणाऱ्याला अख्खी रांग लाटेसारखी हललेली दिसते. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मोठं पथक असलं की शेवटच्या रांगेतले ढोल पुढच्या ताशाच्या किंचित मागे पडलेले ऐकू येतात, तोच हा प्रकार. मिनिटाला ७५ च्या चालीत एका पावलाला ०.८ सेकंद मिळतात. त्यामुळे असा उलटा पाय पडायला अंतर २७० मीटरपर्यंत वाढावं लागतं. धीमी चाल यासाठी निवडत नाहीत हे उघड आहे, पण तिने ही चूक झाकली जाते. लांबलचक यात्रेत मधेमधे आणखी बँड ठेवतात. त्यातून नवी डोकेदुखी उभी राहते: दोन बँडांच्या मधल्या माणसाने ऐकायचं कुणाचं?

या चालीवर जे संगीत बसवतात त्याबद्दल एक समज पक्का आहे. पाश्चात्त्य संगीतात मेजर स्वरसप्तक आनंदाचं आणि मायनर दुःखाचं. संगीतकार शोपँ यांच्या दुसऱ्या पियानो सोनाटातला शोकसंचलनाचा भाग मायनरमध्ये आहे, आणि १८४९ मध्ये खुद्द शोपँ यांच्या दफनाच्या वेळीही तो वाजवला गेला. समजाला साजेसं उदाहरण. पण हँडेल यांच्या १७३९ च्या 'सॉल' या रचनेतलं शोकसंचलन घ्या. ब्रिटनमध्ये पिढ्यानपिढ्या थोरामोठ्यांच्या अंत्ययात्रेत ते वाजत आलं आहे, आणि ते आहे सी मेजरमध्ये. आपल्या भाषेत सांगायचं तर बिलावलचे शुद्ध स्वर. 'सॉल'साठी हँडेल यांनी लंडनच्या टॉवरमधले भलेमोठे नगारे मागून आणले होते. ते दुःखी वाटतं ते स्वरांमुळे कमी, संथ चालीमुळे आणि त्या जड ठोक्यांमुळे जास्त. (जाता जाता: 'बेथोव्हेनचं' म्हणून ब्रिटिश बँड वर्षानुवर्षं वाजवत आलेलं एक शोकसंचलन प्रत्यक्षात योहान हाइनरिश वाल्ख यांचं आहे. नाव मोठ्याचं लागलं की चाल टिकते.)

१९३० च्या दशकात केट हेव्हनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी एकाच रचनेचा वेग, उंची, सप्तक बदलत श्रोत्यांना ती ऐकवली. भावना ठरवण्यात लयीचा वाटा फार मोठा निघाला. २००३ मध्ये युस्लिन आणि लाउक्का यांनी बोलणं आणि संगीत या दोन्हींवरचे शंभराहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. दुःखी माणूस सावकाश बोलतो, हळू आवाजात, खालच्या पट्टीत, आणि त्याच्या आवाजातली धार कमी होते. संगीतातही हेच घडतं. या यादीशेजारी झाकलेला ड्रम ठेवून पाहा: संथ, हलका, खालचा, धार नसलेला. एका अक्षराशिवाय तो खचलेल्या माणसासारखा बोलतो.

यात संस्कृतीचा वाटा नाही असं म्हणणं धाडसाचं होईल. पण १९९९ मध्ये बाल्कविल आणि थॉम्पसन यांनी हिंदुस्थानी रागांचा गंधही नसलेल्या कॅनडातल्या श्रोत्यांना राग ऐकवले, तेव्हा आनंद, दुःख आणि क्रोध या भावना त्यांनी बऱ्यापैकी ओळखल्या. शांत रसाशी मात्र ते अडले. तो बहुधा शिकूनच कळतो.

राहिला बिगुल. महाराष्ट्रात 'शासकीय इतमामात अंत्यसंस्कार' म्हटलं की पोलिसांच्या बंदुकांच्या फैरी आणि बिगुल आलाच. आपल्याकडे ब्रिटिश परंपरेतली 'लास्ट पोस्ट' ही धून वाजते, अमेरिकेत 'टॅप्स'. 'टॅप्स'ला आजचं रूप मिळालं ते १८६२ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, जनरल डॅनियल बटरफील्ड यांच्या छावणीत. त्यात २४ स्वर आहेत, तीन-तीनचे आठ तुकडे. पण वेगवेगळे सूर मोजले तर फक्त चार.

कारण बिगुलाला ना भोकं, ना खटके. ती सुमारे दीड मीटर लांबीची गुंडाळलेली नळी. आतला हवेचा स्तंभ ठरावीक कंप्रतांनाच दाद देतो, एका मूळ संख्येच्या २, ३, ४, ५, ६ पटींना. वादकाचे ओठ हेच कंपन करणारं यंत्र. ओठांचा ताण बदलून तो एका पटीवरून दुसरीवर उडी मारतो. 'टॅप्स'मध्ये ३, ४, ५ आणि ६ या चार पटी वापरतात. बी-फ्लॅटच्या बिगुलावर त्या सेकंदाला सुमारे ३५०, ४६६, ५८३ आणि ७०० कंपनं होतात. चौथ्या पटीला षड्ज मानलं तर हे स्वर मंद्र पंचम, षड्ज, गंधार आणि मध्य पंचम. सुरुवात होते 'प प सा, प सा ग' अशी, तिन्ही प मंद्रातले.

यातली पाचवी पट आपल्या ओळखीची आहे. चांगल्या लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कुणी न छेडता जो गंधार ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो त्या तारेची पाचवीच पट. तानपुऱ्यात तो आपसूक उमटतो. बिगुलात तो कमवावा लागतो, कारण वर जावं तशा पटी एकमेकींच्या जवळ येतात. तिसरीवरून चौथीवर जाताना कंप्रता ३३ टक्के वाढते, चौथीवरून पाचवीवर २५ टक्के, पाचवीवरून सहावीवर २० टक्के. ओठांचा ताण थोडा जरी चुकला तरी हवेचा स्तंभ शेजारच्या पटीकडे ओढ घेतो, आणि क्षणभर दोन्हींच्या मधे काहीतरी फाटतं.

२५ नोव्हेंबर १९६३ ला आर्लिंग्टनच्या दफनभूमीत, केनेडींच्या दफनाच्या वेळी 'टॅप्स' वाजवणाऱ्या सार्जंट कीथ क्लार्क यांना हेच भोवलं. नोव्हेंबरच्या थंडीत ते काही तास उभे होते. थंडीत ओठ आखडतात. धातूची नळी आणि आतली हवा गार झाली की ध्वनीचा वेग घटतो, दर अंश सेल्सियसला सेकंदाला ०.६ मीटरने. २० अंशांवरून ५ अंशांवर आलेलं वाद्य जवळपास पाव सुराने उतरतं. वादकाच्या ओठांना, कानाला जी जागा पाठ असते ती किंचित सरकलेली असते. नळी गरम करायला आधी फुंकून पाहावं, तर अशा प्रसंगी ती सोय नाही. त्यात जवळच बंदुकांच्या तीन फैरी झडलेल्या. क्लार्क यांचे पहिले पाच स्वर नीट लागले. सहावा फाटला. सहावा म्हणजे त्या धुनेत पहिल्यांदा येणारा गंधार.

दूरचित्रवाणीवर ते सगळ्या देशाने ऐकलं. अनेकांना तो हुंदका वाटला, काहींना तर मुद्दाम वाजवलेला. पुढचे काही आठवडे आर्लिंग्टनमधले दुसरे बिगुलवादकही नेमका तोच स्वर चुकत होते असं सांगतात. ही गोष्ट कितपत पारखलेली आहे देव जाणे, पण अशक्य म्हणवत नाही. 'इथे चुकू नये' असं स्वतःला बजावणाऱ्या वादकाचं लक्ष ओठांवर जातं, आणि सवयीने होणारी बारीक हालचाल लक्ष देऊन करायला गेलं की बिघडते, हे खेळाडूंवरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

पुढे अमेरिकेत माजी सैनिकांच्या अंत्यविधींची संख्या इतकी वाढली की लष्कराला बिगुलवादक पुरेनात. २००३ पासून तिथे एक वेगळाच बिगुल वापरात आला. त्याच्या पुढच्या रुंद तोंडात ध्वनिमुद्रण आणि छोटा स्पीकर असलेलं यंत्र बसवतात. सैनिक कळ दाबतो, बिगुल ओठांशी धरतो आणि धून संपेपर्यंत स्तब्ध उभा राहतो. त्यातला गंधार कधी फाटत नाही, मग बाहेर कितीही थंडी असो.