इंधन पंपाचा रिकॉल : अर्ज कुठे अडतो आणि कोणती कागदपत्रे लागतात

गाडीच्या इंधन पंपातील दोषामुळे कंपनीने रिकॉल जाहीर केला, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, की पंपाची तपासणी आणि बदली मोफत होते. वॉरंटी संपली आहे किंवा गाडी जुन्या मालकाकडून घेतली आहे, एवढ्या कारणावरून सहसा नकार मिळत नाही. मात्र सूचनेचे पत्र नोंदीतल्या पत्त्यावर जाते. गाडी हस्तांतरित होऊनही कंपनीकडे पहिल्याच मालकाचा पत्ता राहिला असेल, तर आपल्याला काहीच कळत नाही. म्हणून पत्राची वाट न पाहता चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा.

बहुतेक अर्ज या क्रमांकापाशीच अडतात. सूचनेत मॉडेलचे नाव असले तरी सदोष पंप ठरावीक काळात तयार झालेल्या गाड्यांनाच बसवलेला असतो, आणि सूचनेतील तारखा उत्पादनाच्या असतात, नोंदणीच्या नव्हेत. डिसेंबरात तयार झालेली गाडी मार्चमध्ये नोंदली गेली, की मालक नोंदणीची तारीख पाहून आपली गाडी यात नाही असे समजतो आणि सदोष पंपासह गाडी चालवत राहतो. चासी क्रमांकात १७ अक्षरे-अंक असतात आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात. ओसारखे दिसते ते शून्य असते. अर्जातल्या चासी क्रमांकाच्या रकान्यात इंजिन क्रमांक लिहिणारेही कमी नाहीत.

रिकॉलपूर्वी स्वखर्चाने पंप बदलला असेल, तर परतावा मागता येतो का, हे सूचनेत पाहावे. इथे हवे असलेले बिल बहुतेकांकडे नसते. ‘पंप व मजुरी’ एवढ्या एका ओळीचे बिल चालत नाही. त्यावर चासी क्रमांक, सुट्या भागाचा क्रमांक, तारीख आणि किलोमीटर लागतात, शिवाय पैसे दिल्याचा पुरावा वेगळा. ही अट आधी ठाऊक नसलेल्या माणसाकडून ती मागणे अन्यायाचेच आहे, पण गॅरेजकडून तपशीलवार दुय्यम बिल मुदतीआधी मिळवणे हाच उपाय उरतो. परताव्याची मुदत उलटली म्हणून मोफत दुरुस्तीचा हक्क गेला, असे समजू नये.

पहिल्या पत्रात कधीकधी केवळ दोषाची माहिती असते आणि भाग उपलब्ध झाल्यावर दुसरे पत्र येते. तोवर निष्काळजी राहू नये. २०२० पासून डेन्सो या सुटे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या ज्या पंपांमुळे अनेक कंपन्यांना लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्यांत प्लॅस्टिकचा इम्पेलर (इंधन पुढे ढकलणारे फिरते चाक) इंधन शोषून फुगत होता, पंपाच्या आवरणाला घासत होता आणि चालत्या गाडीचे इंजिन बंद पडू शकत होते. गाडी धक्के देत असेल किंवा इंजिन मध्येच बंद पडत असेल, तर ती चालवू नये आणि ही लक्षणे सर्व्हिस सेंटरला लेखी कळवावीत. इंधनाचा वास येत असेल, तर ती बंदिस्त जागेत उभीही करू नये.

काम झाल्यावर जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर) रिकॉल क्रमांक आणि चासी क्रमांक लिहून घ्यावा, आणि काही दिवसांनी संकेतस्थळावर काम पूर्ण झाल्याची नोंद झाली आहे का, ते पाहावे.