आयएसओ वाढवणं वेगळं, थ्रेशोल्ड उतरवणं वेगळं

इव्हेंट कॅमेरा अख्खा फोटो काढत नाही, फक्त उजेडातले बदल टिपतो; किती बदल झाला की टिपायचा ती मर्यादा म्हणजे थ्रेशोल्ड. त्याचं चित्र विरळ दिसलं की साध्या कॅमेऱ्याची सवय असलेला हात थ्रेशोल्डचा आकडा वाढवतो, आणि चित्र आणखी विरळ होतं. साध्या कॅमेऱ्यातल्या आयएसओचा आकडा मोठा म्हणजे कॅमेरा जास्त संवेदनशील. इथे आकडा लहान म्हणजे जास्त संवेदनशील. ही उलटापालट दोन दिवसांत अंगवळणी पडते. खरी गफलत निराळीच आहे.

आयएसओ म्हणजे रेडिओच्या आवाजाचं बटण. 100 चं 800 केलं की सेन्सरवर पडलेल्या तेवढ्याच प्रकाशाचा सिग्नल आठपट करून दाखवला जातो. दाणे वर येतात, पांढरा शर्ट नुसता पांढरा डाग होतो, पण फोटो येतो.

इव्हेंट कॅमेऱ्यात फ्रेमच नसते. प्रत्येक पिक्सेल आपण मागे कळवलं तेव्हाचा उजेड धरून बसतो. उजेडाचा लॉगॅरिदम थ्रेशोल्डएवढा सरकला की 'वाढला' किंवा 'घटला' एवढंच वेळेसकट कळवतो. हाच एक इव्हेंट. त्यामुळे 100 लक्सचे 120 झाले काय नि 1000 चे 1200 झाले काय, त्याला सारखंच.

छापील कागद समोरून सरकवून बघा. कागद शाईच्या 16 पट उजळ धरला, तर लॉगमधला फरक 2.77 येतो. थ्रेशोल्ड 0.2 असताना अक्षराच्या काठावर एका पिक्सेलकडून 13 इव्हेंट, 0.4 ला 6. चालण्यासारखं आहे. आता त्याच कागदावर पेन्सिलीची फिकट रेघ घ्या. कागद तिच्या 1.3 पट उजळ, फरक 0.26. थ्रेशोल्ड 0.2 ला एक इव्हेंट, 0.4 ला शून्य. रेघ अंधुक झाली नाही, गायबच झाली. काळवंडलेला फोटो मागाहून थोडाफार उजळता येतो. न आलेला इव्हेंट कुठून आणणार?

मग थ्रेशोल्ड तळालाच का ठेवू नये? एक तर मंद उजेडात प्रकाशाची स्वतःची चुळबुळही तो ओलांडते. शिवाय आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. साध्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा उजळते-मंदावते, आणि रिकामी भिंतसुद्धा बडबडू लागते. एवढ्या इव्हेंटांनी वाट तुंबली की त्यांच्या वेळा घसरतात. लिख्तश्टायनर, पोश आणि डेलब्रुक या संशोधकांनी 2008 मध्ये मांडलेला 128 गुणिले 128 पिक्सेलचा सेन्सर प्रखर उजेडात 15 मायक्रोसेकंदांत प्रतिसाद द्यायचा. गर्दीत ही चपळाई मातीमोल. त्यात एकाच चिपवरचे सगळे पिक्सेल तंतोतंत सारखे नसतात, म्हणून काही जण इतरांच्या आधीच बरळायला लागतात.

माझा रिवाज साधा आहे. जिथे काम करायचं त्याच उजेडात कॅमेरा स्थिर भिंतीकडे रोखायचा आणि थ्रेशोल्ड हळूहळू उतरवायचा. भिंतीवर ठिणग्या उडू लागल्या की तो दोन पायऱ्या परत वर न्यायचा. 'वाढला' आणि 'घटला' यांचे थ्रेशोल्ड वेगळे असतात, तेव्हा हे दोनदा.